दक्षिण युरोपातील पाणथळी आणि पक्ष्यांच्या वीण-वसाहती : कोठे जावे, केव्हा जावे आणि किती अंतरावर थांबावे?

मिठागरकाठ | ११ फेब्रुवारी

नमस्कार. गेली चौदा वर्षे मी नवी मुंबईत खाडीलगत राहतो आहे आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) थवे घराच्या गच्चीवरून पाहतो आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, त्यामुळे हे पक्षी आता शाळेतल्या मुलांनाही ओळखीचे झाले आहेत. मात्र एवढ्या वर्षांत मी रोहिताचे घरटे एकदाही पाहिलेले नाही, कारण आपल्याकडे हे पक्षी चरण्यासाठी येतात आणि त्यांची वीण होते ती कच्छच्या रणात, जेथे पाणी भरलेले असताना माझ्यासारख्या माणसाने पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे.

माझी मुलगी सध्या फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे शिकते. तिच्याकडे एप्रिलच्या अखेरीस तीन आठवड्यांसाठी जाण्याचा आम्हा उभयतांचा बेत आहे. नकाशात पाहिले तर रोन नदीचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे कामार्ग, तिच्या घरापासून फार दूर नाही. स्पेनमधील डोन्याना आणि ग्रीसमधील पेलिकनांची सरोवरेही मनात आहेत, पण तीन आठवड्यांत सर्वत्र धावणे वयाला झेपणारे नाही. विणीच्या काळात नेमके काय दिसते, किती अंतरावरून दिसते आणि आपल्या जाण्याने पक्ष्यांना उपद्रव तर होत नाही ना, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे, ही विनंती.

रोनतीर | ११ फेब्रुवारी

मिठागरकाठ, मी कामार्गजवळच्या आर्ल शहरापासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि बहुतेक वसंतांत कामार्गला चकरा मारतो. कोठे जावे हे सांगण्यापूर्वी येथील रोहित घरटी कशी करतात ते सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

रोहिताला घरट्यासाठी चहूबाजूंनी पाणी असलेले बेट हवे असते. चिखल चोचीने ओढून तो वीतभर उंचीचा उंचवटा रचतो, त्याच्या माथ्यावरील खोलगट भागात एकच अंडे घातले जाते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ते उबवतात. पाणी उतरून बेट जमिनीला जोडले गेले, की कोल्हा चालत येतो आणि एका रात्रीत सगळी वसाहत उठते. उलट पाणी फार चढले तर घरटी बुडतात. म्हणजे वीण होणार की नाही, हे पाण्याची पातळी ठरवते आणि कामार्गमध्ये ती पातळी शंभराहून अधिक वर्षे मिठागरांचे पंप ठरवत आले आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही वर्षे येथील वीण थांबली होती. लुक हॉफमान यांनी १९५४ साली स्थापन केलेल्या तूर दू वाला या संशोधन संस्थेने मिठागरवाल्यांच्या साहाय्याने १९७० मध्ये फांगासिए नावाच्या खाजणात एक कृत्रिम बेट तयार केले. पक्ष्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग संशोधकांनी हाताने चिखलाचे खोटे उंचवटे रचून ठेवले आणि १९७४ मध्ये रोहित त्या बेटावर उतरले. पुढे दशकानुदशके हजारो जोड्यांनी तेथे वीण केली. १९७७ पासून पिल्लांच्या पायांत अक्षरे कोरलेली प्लास्टिकची कडी घालण्यास सुरुवात झाली. ती अक्षरे स्पॉटिंग स्कोपमधून (तिकाटण्यावर लावायच्या दुर्बिणीतून) लांबूनच वाचता येतात, त्यामुळे पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. या कड्यांमुळेच चाळिशी ओलांडलेले रोहित आढळले आणि येथे जन्मलेला पक्षी स्पेन, इटली किंवा उत्तर आफ्रिकेत वीण करतो हेही सिद्ध झाले.

मात्र ही गोष्ट तेथे संपत नाही. मीठ कंपनीने जमिनीचा मोठा भाग फ्रान्सच्या सरकारी किनारा-संवर्धन संस्थेला विकला आणि पंपाने पाणी भरणे थांबले. समुद्र व पाऊस यांना मोकळीक द्यावी असा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण फांगासिएचे बेट झिजले, सभोवतालचे पाणी बेभरवशाचे झाले आणि गेल्या दशकात वसाहत पश्चिमेकडे एग-मॉर्तच्या चालू मिठागरांत सरकली. जेथे माणूस अजून मीठ पिकवतो तेथे पक्षी गेले, याची मला आजही गंमत वाटते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. वसाहतीजवळ जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. सां-मारी-द-ला-मेर गावाजवळील पाँ-द-गो पक्षी-उद्यानात रोहित अगदी जवळून चरताना दिसतात. त्याच उद्यानातील झाडांवर बगळ्यांचे सारंगागार, म्हणजे घरट्यांची सामूहिक वसाहत, आहे. राखी बगळे, छोटे बगळे आणि पांढरे करकोचे पायवाटेवरून पाहता येतात आणि एप्रिलअखेर पिल्लांचा गलका चालू असतो. रोहितांचे प्रणयनृत्य मात्र हिवाळ्याच्या उत्तरार्धात रंगते, ते आपल्याला मिळणार नाही. दोन गोष्टींची तयारी ठेवावी. पहिली म्हणजे मिस्त्राल वारा, जो सुटला की तिकाटणे लटपटते आणि स्कोपमधून काहीही धड दिसत नाही. दुसरी म्हणजे डास. खाडीकाठी राहत असलात तरी कामार्गच्या डासांना कमी लेखू नये.

छायाप्रकाश | १२ फेब्रुवारी

माहितीपूर्ण प्रतिसाद. माझ्याकडे ६०० मिलिमीटरची लेन्स आहे. घरट्यावरील रोहिताचे चांगले छायाचित्र कोठे मिळू शकेल? ड्रोनला परवानगी असते का?

रोनतीर | १२ फेब्रुवारी

ड्रोनचा विचार सोडून द्यावा. युरोपीय संघाचा पक्षी-संरक्षणाचा कायदा १९७९ पासून अस्तित्वात आहे आणि विणीच्या काळात पक्ष्यांना जाणूनबुजून त्रास देणे त्याने निषिद्ध ठरवले आहे. घरट्यावरून रोहित एकदम उठले की अंडी उंचवट्यावरून घरंगळतात आणि कुरव पक्षी ती टिपायला टपलेलेच असतात. छायाचित्र पाँ-द-गो येथे चरणाऱ्या पक्ष्यांचे घ्यावे. ते सुंदर येते.

अंदालुसीकर | १३ फेब्रुवारी

मी सेव्हिया येथे नोकरीनिमित्त आठ वर्षे राहिलो, त्यामुळे स्पेनबद्दल लिहितो. घरट्यांवर बसलेले रोहित उघड्या डोळ्यांनी नव्हे, पण स्कोपमधून खात्रीने पाहायचे असतील तर मालागा प्रांतातील फ्वेंते दे पिएद्रा हे खारे सरोवर उत्तम, अट एकच : त्याआधीचा हिवाळा पावसाचा असला पाहिजे. येथेही पूर्वी मीठ काढले जात असे आणि त्या काळच्या बांधांचे अवशेषच आज पक्ष्यांना घरट्यांसाठी उपयोगी पडतात. १९८४ साली ते राखीव क्षेत्र झाले. चांगल्या वर्षी हजारो जोड्या वीण करतात, कोरड्या वर्षी एकही नाही. अभ्यागत केंद्राच्या टेकाडावरून वसाहत दूरवर गुलाबी पट्ट्यासारखी दिसते.

या सरोवरातील सर्वांत विलक्षण बाब सहलीच्या पुस्तिकांत क्वचितच येते. पिल्ले झाल्यावर उन्हाने सरोवर आटू लागते आणि तेथे पुरेसे खाद्य उरत नाही. तेव्हा आई-बाप संध्याकाळी उडतात, रात्रीचा प्रवास करून सुमारे १५० किलोमीटरवरील ग्वादाल्किवीर नदीच्या दलदलीत चरतात आणि परत येऊन पिल्लाला भरवतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सरोवराच्या काठी उभे राहिलो असता डोक्यावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या रांगा मी पाहिल्या आहेत. मुंबईहून निघून नाशिकला जेवायला जाण्यासारखेच हे आहे, आणि तेही पोटच्या पोरासाठी.

ज्या दलदलीत ते जातात तीच डोन्याना. १९६९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९४ पासून जागतिक वारसास्थळ. आपल्यासारख्यांसाठी एल रोसिओ हे गाव सोयीचे आहे, कारण गावाच्या वेशीलाच दलदल लागते आणि काठाच्या बाकावर बसून मोर शराटी, चमचे, शेकाटे व रोहित पाहता येतात. गावात डांबरी रस्ते नाहीत, सगळी वाळू आणि घोडे. केवळ मे-जूनमध्ये येणाऱ्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या यात्रेचे दिवस टाळावेत. आषाढीला पंढरपुरात पक्षी पाहायला जाण्यात जेवढा अर्थ, तेवढाच तेव्हा तेथे.

मोर शराटी आपल्याकडे इतका सर्वत्र दिसतो की त्याचे कोणाला अप्रूप नाही. डोन्यानात तो नाहीसा झाला होता आणि १९९६ मध्ये त्याने पुन्हा घरटी केली. पुढे तेथे त्याच्या हजारो जोड्या झाल्या. याचे बरेच श्रेय शेजारच्या भातशेतीला आणि त्या शेतांत १९७० च्या दशकात अमेरिकेतून आणून सोडलेल्या तांबड्या झिंग्याला द्यावे लागते. हा परका झिंगा स्थानिक जलचरांचा काळ ठरला, आणि त्याच झिंग्यावर करकोचे, बगळे व शराटी पोसले गेले. याला वाईट म्हणावे की चांगले, याचा निर्णय मला आठ वर्षांत करता आला नाही.

तथापि, डोन्यानाला जाण्यापूर्वी त्या वर्षीचा पाऊस पाहावा. भोवतालच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी, अनेकदा बेकायदा विहिरींतून, भूजल उपसले जाते आणि त्यावरून युरोपीय न्यायालयाने जून २०२१ मध्ये स्पेनला दोषी ठरवले. सांता ओलाया हे तेथील सर्वांत मोठे कायम पाण्याचे तळे २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यांत पाठोपाठ आटले. २०२३ च्या दुष्काळात ग्वादाल्किवीरकाठी भाताची पेरणी जवळजवळ झालीच नाही. मार्च २०२५ च्या पावसाने दलदल पुन्हा तुडुंब भरली. म्हणजे तेच ठिकाण एका वर्षी पक्ष्यांनी गजबजलेले आणि दुसऱ्या वर्षी भेगाळलेले असू शकते.

गोमंतक | १४ फेब्रुवारी

मी मूळचा गोव्याचा, सध्या लिस्बनमध्ये. पोर्तुगालची एकच जागा सुचवतो. अलेंतेझू किनाऱ्यावरील काबू सार्दांव येथे पांढरे करकोचे समुद्रातून उभ्या राहिलेल्या सुळक्यांवर घरटी करतात, खाली लाटा फुटत असतात आणि आपण कड्यावरून त्यांच्या घरट्यांत वरून पाहतो. करकोचा घराच्या छपरावर, विजेच्या खांबावर किंवा चर्चच्या मनोऱ्यावर घर करतो. स्पेनमधील आल्फारो गावात तर एकाच चर्चवर शंभराहून अधिक घरटी आहेत. समुद्राच्या कड्यावरचा करकोचा मात्र येथेच पाहावा. पायवाट सोडू नये, कडा ठिसूळ आहे.

पाणकोंबडी | १५ फेब्रुवारी

मिठागरकाठ, आपण नवी मुंबईचे आहात म्हणून मी सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहर सुचवते. तेथील मोलेंतार्जुस मिठागर चक्क शहराच्या पोटात आहे. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला लोकप्रिय समुद्रकिनारा. मीठ काढणे १९८५ मध्ये थांबले, १९९३ मध्ये रोहितांनी तेथे वीण केली आणि १९९९ मध्ये परिसर उद्यान म्हणून घोषित झाला. सार्डिनियाच्या भाषेत रोहितांना ‘जेंती अरुबिया’ म्हणजे ‘तांबडी माणसे’ म्हणतात. आपल्या अग्निपंखापेक्षाही मला हे नाव घरगुती वाटते.

त्याच बेटाच्या नैर्ऋत्येस सान पिएत्रो या छोट्या बेटाच्या कड्यांवर एलेओनोरा ससाण्याची वसाहत आहे. चौदाव्या शतकात सार्डिनियात राज्य करणाऱ्या एलेओनोराने आपल्या कायदेसंहितेत ससाण्यांना संरक्षण दिले होते, म्हणून या पक्ष्याला तिचे नाव मिळाले. त्याची वीण इतरांच्या उलट, ऐन उन्हाळ्याच्या शेवटी होते : आफ्रिकेकडे निघालेले छोटे स्थलांतरित पक्षी समुद्र ओलांडू लागतात, नेमक्या त्याच वेळी याच्या पिल्लांना भूक लागलेली असते. मे महिन्यात त्याची घरटी दिसणार नाहीत, पण पक्षी परतलेले असतात.

झोळीवाला | १६ फेब्रुवारी

ग्रीसबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. तेसालोनिकीत माझे सासर आहे. पेलिकनांसाठी दोन सरोवरे आहेत आणि दोघांचा स्वभाव निराळा आहे.

प्रेस्पा ही ग्रीस, अल्बानिया आणि उत्तर मॅसिडोनिया यांच्या सीमेवरील डोंगरातील जोडसरोवरे. त्यांपैकी छोट्या प्रेस्पातील बोरूच्या बेटांत डाल्मेशियन पेलिकनांची वसाहत आहे; २०२२ पूर्वी ती जगातील सर्वांत मोठी होती. हा पेलिकन हिवाळ्यात गुजरातेत येतो, जामनगरजवळ खिजडियाला आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर पक्षी-इन्फ्लुएंझाने या वसाहतीत हजाराहून अधिक पेलिकन मेले. मी त्या वर्षी मे महिन्यात तेथे गेलो होतो. तरंगत्या पुलावरून आगिओस आखिलिओस बेटाकडे जाताना पूर्वी डोक्यावरून सतत पेलिकन जात असत. त्या दिवशी पूल ओलांडेपर्यंत मी चार मोजले. वीण करायला उशिरा परिपक्व होणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत अशा एका हंगामाची भरपाई व्हायला वर्षे लागतात.

दुसरे केरकिनी. ते १९३२ मध्ये स्ट्रिमोन नदीवर धरण बांधून तयार झालेले जलाशय आहे, म्हणजे आपल्या उजनीचे थोरले भावंड. शेतीसाठी पाणी सोडले जाते आणि वसंत व शरद ऋतूंत पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो. त्यामुळे काठचे बरेच जंगल बुडून मेले. पेलिकनांसाठी माणसाने बांधून दिलेल्या बेटांवर ते वीण करतात. काठावर म्हशी चरतात आणि त्यांच्या दुधाची खीर गावात मिळते, उभयतांना आवडेल.

छायाप्रकाश | १६ फेब्रुवारी

केरकिनीची जानेवारीतील छायाचित्रे मी पाहिली आहेत. पेलिकनाची झोळी शेंदरी होते आणि तो अगदी नावेजवळ येतो. ते कसे जमते?

झोळीवाला | १७ फेब्रुवारी

नावेतून मासे फेकून. हिवाळ्यात छायाचित्रकारांसाठी हे नित्याचे झाले आहे. मी स्वतः एकदा अशा नावेत बसलो होतो आणि ते मला आवडले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. नावाड्याने बादलीवर टकटक करताच तीस-चाळीस पेलिकन एकमेकांना ढकलत आले.

छायाप्रकाश | १७ फेब्रुवारी

पण त्यातून गावाला रोजगार मिळतो आणि कोळ्यांना पेलिकन हा माशांचा चोर न वाटता पाहुणा वाटू लागतो, हेही खरे आहे. पूर्वी कोळी या पक्ष्यांना मारत असत. मासे फेकणे वाईट की बंदूक, असा प्रश्न असेल तर माझे उत्तर ठरलेले आहे.

झोळीवाला | १७ फेब्रुवारी

आपला मुद्दा मी नाकारत नाही. माझा आक्षेप असा आहे की एका बादलीभोवती दाटीवाटीने जमणारे पक्षी रोगही एकमेकांना देतात, आणि २०२२ नंतर तरी हा विचार व्हायला हवा. विणीच्या बेटांजवळ नाव नेण्याचा प्रश्न तर याहून निराळा आहे. तेथे मासे असोत वा नसोत, जाऊ नये.

मिठागरकाठ | २० फेब्रुवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली की मिठागर, भातशेत, धरण आणि हाताने रचलेले बेट यांखेरीज नैसर्गिक म्हणावी अशी वीण-वसाहत या धाग्यात फारशी आली नाही; आपल्याकडे भिगवण आणि नांदूर मधमेश्वर यांचीही तीच कथा आहे. बेत असा ठरला : कामार्गमध्ये सहा दिवस, मग विमानाने मालागा, फ्वेंते दे पिएद्रा आणि एल रोसिओ. ग्रीस पुढच्या खेपेस.

मिठागरकाठ | २९ मे

परत आलो. सविस्तर वृत्तान्त नंतर लिहीन, पण ज्यांनी मार्गदर्शन केले त्यांना आधी कळवणे माझे कर्तव्य आहे.

कामार्गमध्ये सहापैकी चार दिवस मिस्त्राल वाहत होता. पाँ-द-गोच्या सारंगागारात पत्नीने मान मोडेपर्यंत वर पाहत दोन तास घालवले. करकोच्याची चोच वाजवण्याची पद्धत तिला फार आवडली आणि आता घरी ती टाळ्यांऐवजी पळीने ताट वाजवते. फ्वेंते दे पिएद्रा येथे या वर्षी पाणी होते. टेकाडावरून स्कोप लावला तेव्हा प्रथम केवळ उन्हात थरथरणारी एक फिकट रेघ दिसली. सकाळी लवकर, हवा तापण्यापूर्वी पुन्हा गेलो, तेव्हा त्या रेघेचे पक्षी झाले आणि पक्ष्यांच्या पोटाखाली चिखलाचे उंचवटे दिसले. एक पक्षी उठला, चोचीने अंडे फिरवले आणि पाय दुमडून पुन्हा बसला. चौदा वर्षांत चरणारे, उडणारे, झोपलेले रोहित पाहिले होते; बसलेला रोहित हा पहिलाच. अंतर एवढे होते की मी काढलेल्या छायाचित्रात तो दाखवला तरी कोणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून ते येथे चढवत नाही.

एल रोसिओच्या बाकावर बसलो असताना एका रोहिताच्या पायात कडे दिसले. चारपैकी तीन अक्षरे वाचली, तेवढ्यात घोडेस्वारांचा एक जथा काठाने गेला आणि पक्षी आत सरकला. तीन अक्षरे कळवून काही उपयोग होतो का?

रोनतीर | २९ मे

अर्धे वाचन कळवण्यास हरकत नाही, मात्र कोणते अक्षर वाचता आले नाही ते तसेच रिकामे ठेवावे आणि अंदाजाने भरू नये. कड्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि कडे डाव्या पायात होते की उजव्या, हे अवश्य लिहावे. उजवा पाय म्हणजे पक्ष्याचा उजवा, आपल्या समोरचा नव्हे.

मिठागरकाठ | ३० मे

मग माझा डावा-उजवा आता नक्की सांगता येणार नाही. पत्नी म्हणते डावा.